दादाचा दुर्मिळ रक्तगट

४ तारीख, मंगळवार

ही डायरी फुकट मिळाली. आमच्या दुकानात एका कंपनीच्या डायऱ्या छापल्या आणि सगळ्यांवर लोगो उलटा बसला. मालक माझ्यावर ओरडला, मी मशीनवर ओरडलो, मशीन गप्प बसलं. दुकानात तेवढं एकच शहाणं आहे. रद्दीत जाणाऱ्या गठ्ठ्यातली एक मी उचलली.

आज वहिनीला मुलगा झाला. दवाखान्यात जाऊन बघून आलो. लालबुंद, सुजलेला, मुठी आवळून, कपाळाला आठ्या घालून पडलाय आणि भोवती सगळे हात बांधून उभे. मी त्याला साहेब म्हणायला लागलो. वहिनी पोट धरून हसली. आई म्हणाली, "मेल्या, हसवू नकोस तिला, टाके आहेत."

दादा गळ्यात कारखान्याचं कार्ड घालूनच आला होता. बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर आहे म्हणजे जणू देशच चालवतो. कार्ड रविवारीही काढत नाही. आंघोळीहून बाहेर आला की टॉवेलच्या आधी ते गळ्यात घालतो.

त्या कार्डाची सगळी अंडीपिल्ली मला माहीत आहेत, कारण ते मीच बनवलंय. कारखान्यानं सगळ्या लोकांची नावं-फोटो पाठवले आणि रक्तगटाचा रकाना अख्खा कोरा. मालकाला विचारलं, तर म्हणाला, "रिकामं गेलं की ते माल परत पाठवतात. भर काहीतरी. कोण बघतंय?" मग मी न्यायानं वाटप केलं. झाडूवाले आणि हमाल ओ. मशीनवाले बी. कारकून ए. आणि साहेब लोकांना दोन अक्षरी, एबी. दादा तेव्हा नुकताच सुपरवायझर झाला होता. म्हटलं घरचा माणूस आहे, घे एबी. तेव्हापासून चहाच्या टपरीवर सांगत फिरतो, "आपला ग्रुप रेअर आहे. म्हणून मला थंडी जास्त वाजते." आपलं रक्त कोणी कधी काढलं होतं, हा प्रश्न त्याला पडला नाही. छापलंय ना, मग खरंच असणार.

९ तारीख, रविवार

साहेब घरी आले. त्यांच्या मागोमाग आत्या आली. तिला बोलवावं लागत नाही.

आत्या म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई. शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली सांभाळायची नोकरी केली, पण बोलते अशी की सगळे शोध हिच्याच कपाटातून बाहेर पडले. बाळाला मांडीवर घेतलं आणि दवाखान्याचा कागद वाचायला लागली. "आई ओ, बाळ ओ." मग चष्मा वर करून दादाच्या गळ्यातलं कार्ड बघितलं. परत कागद बघितला. परत कार्ड.

"तू एबी?"

"हो ना. रेअर," दादा म्हणाला, छाती पुढे काढून.

"एबी बापाला ओ मूल होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे होत नाही. बापाकडे ए आणि बी दोनच असतात, त्यातलं एक मुलाला द्यावंच लागतं. मूल ए तरी होईल नाहीतर बी. ओ कसं होईल? मी शिकवलंय हे."

शिकवलं नाही तिनं. शिकवणाऱ्या बाईंना खडू आणून दिला. पण मी तिथल्या तिथे मोबाईलवर बघितलं, म्हातारी बोलली ते खरं निघालं. शास्त्र बरोबर, फक्त रक्त खोटं. आयुष्यात एकदा तिचं बरोबर आलं आणि तेही माझ्या मेहेरबानीवर! हसू दाबताना माझ्या नाकातून चहा आला.

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. म्हटलं, शिजू दे दोन-चार दिवस. कार्डाचा माज तरी उतरेल. मग सांगू.

१० तारीख

दादा आज बाळाचे कान बघत होता. आधी बाळाचे, मग आरशात स्वतःचे. गाढवाला कान सोडून दुसरं काय सुचणार!

जेवताना मला म्हणाला, "तुझा ग्रुप कोणता रे?"

"ओ," मी म्हणालो. "आणि माझा अस्सल आहे. शिबिरात बाटली भरून रक्त दिलंय, टी-शर्ट मिळाला. या घरात खरं तपासलेलं रक्त फक्त माझं."

आत्या आईकडे बघायला लागली. आई ताटाकडे. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "म्हणजे वहिनी ओ, मी ओ, साहेब ओ. साहेब काकावरच गेलेत!"

वहिनी हसली. बाकी कोणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. या घरात विनोद कळणारं एकच माणूस आहे आणि तेही बाहेरून आलेलं.

१३ तारीख

घरात सगळे मूग गिळून बसलेत. दादा मागून रात्रपाळी घेतो. आत्या जायचं नाव काढत नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं चौकटी आखल्यात, त्यात ए, बी, ओ भरते आणि खोडते. मी गेलो की कॅलेंडर उलटं करून तारखा बघितल्यासारखं करते.

मला बघितलं की सगळे बोलायचे थांबतात. कमाल आहे. काय माझ्या वाढदिवसाची तयारी चाललीय की काय?

रविवारी सांगून टाकीन. सगळे घरात असतील, मजा येईल.

१५ तारीख

वहिनी स्वयंपाकघरात एका हातानं साहेबांना थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं भांडी लावत होती. मला म्हणाली, "भाऊजी, घरात काय चाललंय?"

"दादाला दुर्मिळ ग्रुपचा ताप आलाय. उतरेल."

"नीट सांगा. ते माझ्याशी बोलत नाहीत. बाळाला घेत नाहीत. परवा मी हाक मारली तर भिंतीकडे तोंड केलं."

"भिंतीला तरी काहीतरी बघायला मिळालं."

ती हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा हो. मी विनवते."

सांगणारच होतो. पण मग रविवारची सगळी गंमत गेली असती. आणि वहिनीच्या पोटात काही राहत नाही, लगेच जाऊन दादाशी भांडली असती. मी म्हटलं, "रविवारपर्यंत दम धर. मग बघ कशी हसशील."

"रविवारी काय आहे?"

"सरप्राईज."

तिनं उरलेली भांडी तशीच ठेवली आणि साहेबांना दोन्ही हातांनी उचललं. मग म्हणाली, "बरं." वहिनी समजूतदार आहे.

१६ तारीख, रविवार

कुठून सुरुवात करू?

सकाळी क्रिकेट खेळायला गेलो होतो. परत आलो तर दाराशी चपला कमी. वहिनीची नाही. आत गेलो तर पाळणा रिकामा. वहिनीचे वडील येऊन तिला आणि बाळाला घेऊन गेले होते. दादानंच फोन करून बोलावलं म्हणे, "तुमची मुलगी घेऊन जा." आई खाटेवर बसून बाळाचं दुपटं घडी करत होती, उलगडत होती, परत घडी करत होती.

"काय झालं?" एवढं मी विचारलं आणि दादानं माझ्या कानाखाली वाजवली. साधी नाही. बॅट हातातून गळून पडली.

"अजून विचारतोस काय झालं?"

"अरे पण मी काय केलं?"

"सगळी दुनिया बघत होती! दिवसभर वहिनी, वहिनी. काकावर गेलाय म्हणे! तोंडावर बोलतोस माझ्या?"

आत्या मागून म्हणाली, "ओ आणि ओ, ओच होणार. मी चौकट काढून बघितली."

मला आधी कळेचना. मग कळलं. मी? वहिनीच्या हातचं खाऊन, तिच्याकडून शर्टाची बटणं लावून घेऊन मी मोठा झालो. ती या घरात आली तेव्हा माझ्या ओठावर मिसरूड नव्हती.

मग मी सगळं सांगून टाकलं. कोरा रकाना, मालक, झाडूवाले ओ, साहेब एबी. सांगताना माझं मलाच हसू येत होतं. आता हेही सगळे हसतील, दादा डोक्याला हात लावेल, आई म्हणेल कार्ट्या.

कोणी हसलं नाही.

दादा म्हणाला, "आता पकडला गेलास तेव्हा आठवलं?"

"अरे खरंच!"

"कार्डावर कारखान्याचा शिक्का आहे."

"शिक्काही मीच मारतो!"

"गेल्या वर्षी माझी बदली झाली असा फोन कोणी केला होता? आत्याला लॉटरी लागली म्हणून कोणी सांगितलं होतं? तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

बायकोवर ठेवला नाही, भावावर ठेवला नाही. ठेवला तो प्लास्टिकवर. कार्ड बघून रक्त चढवणारा डॉक्टर गाढव म्हणायचा, मग कार्ड बघून बायको हाकलणाऱ्याला काय म्हणायचं? गाढवाचा अपमान करायची माझी इच्छा नाही.

१७ तारीख

मालकाला म्हटलं, घरी येऊन दोन शब्द सांगा. तो म्हणाला, "कसले दोन शब्द? आम्ही जे येतं तेच छापतो." आत्ताच छापलेली कार्डं हातात घेऊन हे बोलत होता. एका शाळेची, तीही कोऱ्या रकान्याची. पोरांना मी रोल नंबरप्रमाणे ए, बी, ओ, ए, बी, ओ दिलेत.

"खोटं बोलताय."

"मग काय खरं बोलून दुकान बंद करू? जास्त बोललास तर उद्यापासून येऊ नकोस."

भित्रा साला. पोट सुटलंय, पण त्यात काळीज नाही.

१९ तारीख, बुधवार

शेवटी आईनं तोंड उघडलं. दादा ड्यूटीवरून आला, तर त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या आपटला आणि म्हणाली, "जा, रक्त तपासून ये. ह्यालाही ने. तोवर मला आई म्हणू नकोस."

"आई, हा खोटं बोलतोय."

"हा खोटारडा आहेच. पण इतका नीच नाही."

माझी एवढी तारीफ आईनं याआधी कधी केली नव्हती.

लॅब म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक खोली. फ्रिज गुरगुरत होता, पंखा नुसताच फिरत होता. लॅबवाली बाई आमच्याकडे न बघता दादाचा हात ओढून सुई काढायला लागली. दादानं डोळे मिटले. कारखान्यात शंभर माणसांवर ओरडणारा वाघ, बोटाला टोचलं तर "आई गं" म्हणाला. जिला आई म्हणायची बंदी होती तिलाच.

बाईनं पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे तीन थेंब ठेवले, प्रत्येकात वेगळं औषध घातलं आणि काडीनं हलवलं. दोन थेंब नासलेल्या दुधासारखे फुटले. एक तसाच राहिला.

"बी पॉझिटिव्ह."

"परत बघा," दादा म्हणाला. "मी एबी आहे."

"असाल. रक्त बी आहे."

त्यानं कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "आमच्याकडे रोज येतात अशी कार्डं. त्यावर विश्वास ठेवला असता तर आतापर्यंत दहा माणसं मारली असती."

दादाचा चेहरा पडला. बायको खरी निघाली याचा आनंद राहिला बाजूला, आपण साध्या बीवर उतरलो याचं दुःख! मी बघत होतो. खरंच सांगतो, आधी तेच दुःख झालं त्याला.

मग म्हणाला, "म्हणजे मूल माझंच?"

"असं कुठे म्हटलं मी? बाप बी, आई ओ, तर मूल ओ होऊ शकतं. होऊ शकतं, बस. रक्तगट फार तर 'हा नाही' सांगतो. 'हाच' असं नाही सांगत."

दादानं माझ्याकडे बोट केलं. "आणि हा?"

"काय ग्रुप?"

"ओ," मी म्हणालो. या वेळी हळू.

"होऊ शकतो. खालचा चपलावाला होऊ शकतो. आमचा शिपाई होऊ शकतो. एबीवाले सोडले तर कोणीही होऊ शकतो. पक्कं हवं असेल तर डीएनए करा, इथे होत नाही."

"त्यात पण सुई असते?" दादानं विचारलं.

"पुढचे कोण आहेत?" बाई दाराकडे बघून ओरडली.

२० तारीख

आत्याला रिपोर्ट दाखवला. तिनं चौकटीत दादाला एबीवरून बी केलं, काहीतरी पुटपुटली आणि खूश झाली. "म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही!" वडाची साल पिंपळाला लावून झाली, आता पिंपळाची चिंचेला लावायला मोकळी.

आई म्हणाली, "वन्सं, चहा गार होतोय. प्या आणि निघा."

आत्या निघाली. कॅलेंडर सोबत घेऊन गेली. पुढच्या महिन्याच्या तारखा कुठे बघायच्या आता?

दादा माझ्याशी अजून बोलत नाही, पण दुपारी दुकानात आला आणि रिपोर्ट पुढे सरकवला. "लॅमिनेट करून दे." माफी नाही, काही नाही. मी कडक लॅमिनेट केलं, कोपरे गोल केले. रविवारी वहिनीला आणायला जायचंय. माझ्याशिवाय त्याला कार्डाचं समजावता येणार नाही, म्हणून मलाही नेतोय. शेवटी अडला हरी आणि तो कोणाचे पाय धरतो ते मी लिहीत नाही.

२३ तारीख, रविवार

वहिनीचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करतात. खाली दुकान, वर दोन खोल्या. आम्ही गेलो तेव्हा ते एका मशीनचं पोट उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "वर आहे."

वहिनी दारातच उभी राहिली, खांद्यावर बाळ. आत या म्हणाली नाही. दादानं रिपोर्ट पुढे केला. तिनं घेतला, वाचला, मागची बाजूही बघितली. मागे काही नसतं.

"बी," ती म्हणाली.

"कार्ड चुकीचं होतं," दादा म्हणाला. "ह्याचा मूर्खपणा. आता क्लिअर झालंय. सामान घे, चल."

"काय क्लिअर झालंय?"

"म्हणजे... होऊ शकतं. माझं."

मी मनात म्हटलं, अरे माठ्या, एवढं तरी नीट बोल.

वहिनी दादाला लग्नापासून अहो म्हणते. आज म्हणाली, "तू आत्याला विचारलंस. कार्डाला विचारलंस. लॅबला विचारलंस. मला विचारलंस का एकदा तरी?"

दादानं तिच्या हातातला रिपोर्ट परत घेतला.

"विचार."

"आता कशाला? आता तर..."

"आता विचार. इथे, भावासमोर. खाली माझे वडील ऐकतायत, त्यांनाही ऐकू दे."

खालची हातोडी थांबली होती. दादानं घाम पुसला. जिन्याच्या कठड्याकडे बघत कसाबसा म्हणाला, "बाळ माझंच आहे ना?"

"सांगणार नाही," वहिनी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे सांगणार नाही. आज नाही, कधीच नाही."

मला इतकं हसू आलं की विचारू नका. दादाचं तोंड नासलेल्या थेंबासारखं झालं होतं. मी म्हटलं, "वहिनी, मानलं तुला! शंभर नंबरी!"

ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, कार्डाचं तुम्हाला कधी कळलं?"

"कळलं काय, मीच बनवलं ना. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"आत्या बोलल्या त्या दिवशी?"

"त्याच दिवशी! नाकातून चहा आला माझ्या."

"आणि मी स्वयंपाकघरात विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही. पण म्हटलं रविवारी सगळ्यांसमोर सांगू, त्याची चांगली जिरवू. तुझ्यासाठीच तर चाललं होतं सगळं."

तिनं मान हलवली. कळलं असावं तिला. साहेब जागे झाले होते, एक डोळा उघडून माझ्याकडेच बघत होते. आठवड्यात केवढे बदललेत! गाल आलेत. मी हात पुढे केले. "दे साहेबांना इकडे."

वहिनीनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. म्हणाली, "हात धुऊन या."

बरोबर आहे, बसच्या दांड्याला किती जणांचे हात लागलेले असतात. मी खाली जाऊन नळावर धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. वर आलो तर दार लावलेलं. दादा जिन्यात बसला होता, रिपोर्ट मांडीवर घेऊन. मी दार वाजवलं. परत वाजवलं. म्हटलं, "वहिनी, धुतले."

बाळाला झोपवत असेल. झोपमोड झाली तर बाळं चिडतात. मी हात झटकत थांबलो. ते वाळले तरी दार उघडलं नाही.

खालून वहिनीच्या वडिलांनी हाक मारली. "पोरांनो, आमच्याकडे शेवटची बस लवकर असते."

तेवढा एकच माणूस आमची काळजी करणारा भेटला.